शासकीय लाभ आणि जात यांविषयीचे गैरसमज

शासकीय लाभ आणि जात यांविषयीचे गैरसमज म्हणजे शासनाच्या कल्याणकारी योजनांचा फायदा प्रामुख्याने ठरावीक जातींनाच, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींना मिळतो, अशा स्वरूपाच्या समाजात रूढ असलेल्या धारणा होत. महाराष्ट्रात स्वस्त धान्य, घरकुल, शिष्यवृत्ती, कर्जमाफी आणि आरक्षण या निरनिराळ्या गोष्टी ‘सवलती’ या एकाच शब्दाखाली आणल्या जातात आणि त्या शब्दाला जातीचा रंग चिकटतो. ‘सरकारी जावई’ हा बोलीतला उपहासाचा शब्दप्रयोग याच धारणेतून आलेला आहे. अमेरिकेत हाच प्रश्न वंशाच्या संदर्भात अभ्यासला गेला आहे. भारतात वंशाची जागा जातीने घेतलेली आहे.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, त्यातही मराठवाड्यातील परिस्थितीचा विचार केला असून उदाहरणांसाठी परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यासारख्या कोरडवाहू शेतीच्या प्रदेशाचा आधार घेतला आहे.

जात आणि वंश

जात म्हणजे वंश नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातींची उत्पत्ती वंशभेदातून झाली हा सिद्धान्त नाकारला होता. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशवादाविरुद्ध भरलेल्या जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न घ्यावा की नाही यावर मोठा वाद झाला. भारत सरकारची भूमिका जात व वंश या भिन्न बाबी आहेत अशी होती, तर अनेक दलित संघटनांचे म्हणणे भेदभावाचा परिणाम सारखाच असल्याने हा विषय तेथे मांडला जावा असे होते. लोकसमजांच्या अभ्यासापुरते पाहिल्यास मात्र दोहोंत एक साम्य ठळक आहे. जन्माने ठरणाऱ्या एका गटाची प्रतिमा ‘घेणारे’ अशी तयार होते, आणि प्रत्यक्षात घेणारे कोण आहेत हे तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही.

शिधापत्रिकेचा रंग

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांच्या शिधापत्रिका आहेत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना पिवळी, त्यावरील परंतु एक लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना केशरी, आणि त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांना पांढरी. रंग उत्पन्नावरून ठरतो, जातीवरून नाही. तरीही पिवळे कार्ड म्हणजे एका विशिष्ट वस्तीचे कार्ड, हा समज गावोगाव आढळतो.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये संमत झाला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. या कायद्याने लाभार्थ्यांचे दोन वर्ग केले. अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस ५ किलो धान्य मिळते. प्राधान्य गटासाठी राज्याने ग्रामीण भागात ४४,००० रुपये व शहरी भागात ५९,००० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरविली. आरंभी तांदूळ तीन, गहू दोन व भरडधान्य एक रुपया किलो होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य दिले जाते.

या कायद्याखाली महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे ७ कोटी व्यक्तींचा आहे. ग्रामीण लोकसंख्येच्या सुमारे ७६ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या सुमारे ४५ टक्के असे त्याचे प्रमाण पडते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, तीत अनुसूचित जातींची १ कोटी ३३ लाख (११.८ टक्के) आणि अनुसूचित जमातींची १ कोटी ५ लाख (९.४ टक्के). म्हणजे दोन्ही मिळून २ कोटी ३८ लाख.

आता या दोन्ही प्रवर्गांतील एकूण एक व्यक्ती, त्यांतील प्राध्यापक, अधिकारी व नोकरदारांसह, स्वस्त धान्य घेते असे घटकाभर मानले, तरी ७ कोटींपैकी २ कोटी ३८ लाख म्हणजे सुमारे ३४ टक्केच लाभार्थी या प्रवर्गांतील ठरतील. उरलेले ६६ टक्के, म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश लाभार्थी, अन्य समाजांतील असलेच पाहिजेत. प्रत्यक्षात दोन्ही प्रवर्गांतील काही कुटुंबे या यादीबाहेर असल्याने इतरांचा वाटा याहून अधिकच भरेल. यासाठी वेगळ्या सर्वेक्षणाची आवश्यकता नाही. इयत्ता सातवीतील शेकडेवारी पुरेशी आहे. परभणी जिल्ह्यात अनुसूचित जाती व जमातींची एकत्रित लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे सोळा टक्केच होती. त्यामुळे तेथील रेशन दुकानापुढील रांगेत बहुसंख्या कोणाची असणार, हे वेगळे सांगावयास नको. त्या रांगेत मराठा, धनगर, माळी, वंजारी, बंजारा, मुस्लिम, लिंगायत, ब्राह्मण, मातंग व बौद्ध अशी सर्वच घरे येतात.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) व अमरावती विभागांतील सर्व जिल्हे आणि वर्धा अशा चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, अन्नसुरक्षा कायद्यात न बसणाऱ्या केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य दोन व तीन रुपये दराने दिले जाऊ लागले. २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये थेट बँक खात्यात जमा करण्याचे ठरले व पुढे ती रक्कम १७० रुपये झाली. परभणी जिल्हा, पर्यायाने सेलू तालुका, या योजनेत आहे. तिची अट सातबारा नावावर असण्याची आहे. भूमिहीन मजूर, मग तो कोणत्याही जातीचा असो, तीत येत नाही. असे असूनही ही रक्कम घेणाऱ्यास कोणी ‘सवलत घेणारा’ म्हणत नाही.

सातबाऱ्यावरून मिळणारे लाभ

ग्रामीण भागातील मोठा शासकीय खर्च जमिनीच्या मालकीशी निगडित आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीतून शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये मिळतात. प्रारंभी दोन हेक्टरांची मर्यादा होती. काही महिन्यांतच ती काढून टाकण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०२३ पासून नमो शेतकरी महासन्मान निधीद्वारे तितकीच भर घातली. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना यांचा लाभ पीककर्ज घेतलेल्यांना झाला, आणि पीककर्ज मिळण्यासाठी जमीन लागते. रासायनिक खतांवरील अनुदान, पीकविमा हप्त्यातील शासनाचा वाटा, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज, शेती उत्पन्नाला असलेली आयकरमाफी, हमीभावाने खरेदी ही याच मालिकेतील उदाहरणे होत. सेलूसारख्या कापसाच्या बाजारपेठेला १९७२ पासून राबविल्या गेलेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेची आठवण सहज होईल; त्या योजनेचा तोटा अखेर राज्याच्या तिजोरीनेच सोसला.

या योजना गैर आहेत असे येथे सुचवावयाचे नाही. कोरडवाहू शेतकऱ्याची दैना खरी आहे, आणि कर्जमाफीचा लाभ घेणाऱ्यांत अल्पभूधारक फार मोठ्या संख्येने आहेत. मुद्दा वितरणाचा आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीखालील क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडे सुमारे ९ टक्के क्षेत्र होते, तर लोकसंख्येत त्यांचा वाटा १६.६ टक्के आहे. जमिनीच्या प्रमाणात वाटला जाणारा लाभ म्हणूनच त्यांच्यापर्यंत कमी पोहोचतो.

मराठवाड्यातील गायरान जमिनींचा प्रश्न येथे येऊन मिळतो. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची काही अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण ठरले. परंतु ज्यांच्या ताब्यातील जमिनीची नोंद अद्याप त्यांच्या नावे झालेली नाही, असे कसणारे किसान सन्मान निधी, पीककर्ज किंवा कर्जमाफी यांपैकी कशासही पात्र होत नाहीत. गावाच्या दृष्टीने मात्र ‘सरकारी जमीन फुकट मिळालेले’ तेच.

शब्दांचाही येथे हात आहे. सेलू तालुक्यात दुधना नदीवर निम्न दुधना प्रकल्प आहे. धरणाच्या पाण्याखाली भिजणाऱ्या जमिनीला पाटबंधारे खात्याच्या भाषेत ‘लाभक्षेत्र’ असे म्हणतात. पण लाभक्षेत्रातील शेतकऱ्याला कोणी ‘लाभार्थी’ म्हणत नाही. तो शब्द घरकुल किंवा निराधार अनुदान घेणाऱ्यासाठी राखून ठेवलेला आहे.

रोजगार हमी

१९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली व वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याने अमलात आली. मागेल त्याला अंगमेहनतीचे काम देणे हे तिचे तत्त्व आहे. जातीची अट नाही. तिच्या खर्चासाठी शहरातील पगारदार व व्यावसायिकांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांत सर्व जातींचे शेतकरी होते, ही त्या पिढीच्या आठवणीतील सामान्य गोष्ट आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याला महाराष्ट्राचा हाच अनुभव पायाभूत ठरला.

घरकुल

घरकुलांविषयीच्या समजाचे मूळ इतिहासात सापडते. १९८५ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना आरंभी खरोखरच अनुसूचित जाती-जमाती व मुक्त वेठबिगार यांच्यापुरती होती. १९९३-९४ पासून तीत इतर गरिबांचाही समावेश झाला. परंतु ‘घरकुल म्हणजे त्यांचे’ ही पहिली समजूत तशीच राहिली. तिची जागा घेणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात राष्ट्रीय पातळीवर साठ टक्के उद्दिष्ट अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेले आहे, ही बाब खरी आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. तिच्या जोडीला राज्याच्या स्वतंत्र योजनाही आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, अनुसूचित जमातींसाठी शबरी आवास, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, आणि २०२३ पासून इतर मागास वर्गासाठी मोदी आवास ही त्यांची नावे. सपाट प्रदेशात घरकुलाचे मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये आहे. या रकमेत घर पुरे होत नाही, आणि लाभधारक उसनवारी करून छत टाकतो, हे गावात सर्वांना ठाऊक असते.

शाळा आणि शिष्यवृत्ती

जातीनिहाय लाभांविषयीची जाणीव मुलांच्या मनात प्रथम निर्माण होते ती बहुधा शाळेत. वर्गात प्रवर्गानुसार नावे वाचली जातात, अर्ज भरून घेतले जातात, जात प्रमाणपत्राची मागणी होते. मुलींना बारावीपर्यंत मिळणारे मोफत शिक्षण, अहिल्याबाई होळकर योजनेखालील एस. टी. चा मोफत पास किंवा पहिली ते आठवीचे माध्यान्ह भोजन यांसाठी जातवार नावे पुकारली जात नाहीत. म्हणून ते लाभ नजरेत भरत नाहीत.

रकमांकडे पाहिले तर समज व वास्तव यांतील अंतर कळते. अनुसूचित जाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील पाचवी ते सातवीच्या मुलींसाठी असलेली सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती दीर्घकाळ दरमहा ६० रुपये, आणि आठवी ते दहावीसाठी १०० रुपये होती, तीही वर्षातील दहा महिनेच. वह्यांचा खर्चही यात पूर्ण निघत नसे. परंतु तिचा उच्चार मात्र ‘त्यांना पैसे मिळतात’ असा होई.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून अस्तित्वात आहे. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाच्या काळातील हा आरंभ होय. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे.

खुल्या प्रवर्गाला शिक्षणात काहीच मिळत नाही, हा तितकाच पसरलेला दुसरा समज. आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांची फी माफ करण्याचे धोरण यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतानाचे आहे. ‘ईबीसी’ या अक्षरांनी ते दोन-तीन पिढ्यांना परिचित होते, आणि ग्रामीण महाराष्ट्रात शिकून नोकरीला लागलेल्या पहिल्या पिढीचा मोठा भाग त्या सवलतीवरच शिकला. आज हीच परंपरा राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेच्या रूपाने चालू आहे; आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यास व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षण शुल्क परत मिळते. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना मिळतो. मराठा व कुणबी समाजासाठी सारथी ही संस्था पुण्यात २०१८ मध्ये, तर इतर मागास वर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती २०१९ मध्ये स्थापन झाली. अनुसूचित जातींसाठीची बार्टी त्याआधी १९७८ पासून कार्यरत आहे. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ १९९८ चे आहे. जुलै २०२४ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास वर्गातील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्णपणे माफ आहे.

तक्रारीतील तथ्य

लोकांच्या सर्वच तक्रारी गैरसमजातून निर्माण होतात असे नाही. समग्र शिक्षा अभियानाखालील मोफत गणवेश अनेक वर्षे सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींचे मुलगे आणि दारिद्र्यरेषेखालील मुलगे यांनाच मिळे. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकास गणवेश मिळाला आणि दुसऱ्यास नाही, आणि दुसऱ्याच्या बापाकडे दीड एकर खडकाळ रान आहे पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही, अशी स्थिती जिल्हा परिषद शाळांतून सर्रास होती. त्या मुलास जो सल झाला तो खोटा म्हणता येणार नाही. २०२३-२४ पासून राज्याने गणवेश सर्व मुलांना देण्याचे ठरविले व हा भेद संपला.

दारिद्र्यरेषेच्या याद्यांमधील चुका हे असेच दुसरे कारण. २००२ चे दारिद्र्यरेषेचे सर्वेक्षण तेरा निकषांना गुण देऊन झाले. तीत सधन घरे शिरली आणि गरजू घरे सुटली, अशा तक्रारी राज्यभर होत्या. यादीतून सुटलेल्याचा रोष यादी करणाऱ्या यंत्रणेवर जाण्याऐवजी यादीत नाव असलेल्या शेजाऱ्यावर जातो.

तसेच, महाराष्ट्रात अडीच लाखांहून अधिक उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या पालकाच्या मुलासही शिक्षण शुल्काची प्रतिपूर्ती मिळते, याविषयीचा आक्षेप वस्तुस्थितीवर आधारलेला आहे. त्याचे समर्थन कसे करावे किंवा करावे की नाही हा मताचा प्रश्न आहे.

आरक्षणाशी होणारी गल्लत

आरक्षण ही गरिबी हटविण्याची योजना आहे, हा या विषयातील सर्वांत मूलभूत गैरसमज म्हणावा लागेल. शिक्षण, शासकीय सेवा व कायदेमंडळे यांत ज्यांना जातीमुळे प्रवेश नव्हता त्यांचे प्रतिनिधित्व हा आरक्षणाचा हेतू आहे. छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या तेव्हाही हेतू हाच होता. धान्य, घर व पेन्शन या कल्याणकारी मदतीच्या बाबी वेगळ्या. आरक्षणाने जागा मिळते, पैसा नव्हे, आणि ती जागा मिळविण्यासाठी आधी बारावी किंवा पदवीपर्यंत पोहोचावे लागते.

आरक्षण दहा वर्षांसाठीच होते आणि ते राजकारणासाठी वाढवीत नेले, असे नेहमी सांगितले जाते. संविधानाच्या ३३४ व्या अनुच्छेदातील दहा वर्षांची मुदत लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांपुरती होती. तीच वेळोवेळी वाढून १०४ व्या घटनादुरुस्तीने २०३० पर्यंत गेली आहे. शिक्षण व नोकऱ्यांतील आरक्षणाचा आधार असलेल्या १५ (४) व १६ (४) या अनुच्छेदांना अशी कोणतीही कालमर्यादा नाही. पाठ्यपुस्तके वाचलेली माणसेसुद्धा ही चूक करतात.

आरक्षण म्हणजे केवळ अनुसूचित जाती, हाही असाच समज. महाराष्ट्रातील राखीव जागांत अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७, इतर मागास वर्गास १९, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या चार गटांना मिळून ११ आणि विशेष मागास प्रवर्गास २ टक्के आहेत. यावरून बिगर-अनुसूचित समाजांचा वाटाच मोठा असल्याचे दिसते. इतर मागास वर्गाच्या यादीत मोमीन, पिंजारी यांसारखे मुस्लिम समूहही व्यवसायाच्या आधारे आहेत. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने इतर आरक्षणात न येणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना १० टक्के जागा मिळाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी ती दुरुस्ती वैध ठरविली. मराठा समाजाला २०१८ च्या कायद्याने दिलेले आरक्षण ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने १० टक्क्यांचा नवा कायदा संमत केला. शेजारच्या जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथून २०२३ मध्ये मनोज जरांगे यांनी उभारलेल्या आंदोलनानंतर मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जे समाज पूर्वी स्वतःस ‘देणारे’ समजत, त्यांनीही प्रवर्गाची मागणी केल्यामुळे ‘सवलती’ या शब्दाचा अर्थच या काळात पालटत गेला आहे.

समान जातीला सर्वत्र समान दर्जा असतो असेही नाही. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. बौद्ध धर्मांतरितांना केंद्राच्या पातळीवर अनुसूचित जातीचा दर्जा १९९० मध्ये मिळाला; १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरची तीन दशकांहून अधिक वर्षे केंद्रीय सेवांपुरती त्यांना त्याविना काढावी लागली.

अंतर्गत समज

अशा धारणा केवळ सवर्ण व दलित यांच्यातच असतात असे समजणे चुकीचे ठरेल. अनुसूचित जातींचे बहुतेक लाभ बौद्ध समाजाने घेतले, अशी भावना मातंग समाजात बराच काळ व्यक्त होत आली आहे. अण्णाभाऊ साठे विकास महामंडळाची १९८५ मधील स्थापना आणि लहुजी साळवे आयोग यांमागे ही पार्श्वभूमी आहे. शिक्षणाकडे कोणता समाज आधी वळला, याचा या तफावतीशी जवळचा संबंध आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा राज्यांचा अधिकार मान्य केल्यापासून हा वाद महाराष्ट्रातही नव्याने पुढे आला.

मुस्लिमांविषयी ‘हजला सरकार पैसे देते’ हे वाक्य अजूनही ऐकू येते. हज अनुदान जानेवारी २०१८ मध्ये बंद झाले. मुस्लिमांच्या आर्थिक व शैक्षणिक मागासलेपणाची नोंद न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ च्या अहवालात केली होती.

‘आमच्या करातून’

करदाते एक आणि लाभ घेणारे दुसरे, ही विभागणी या चर्चेत गृहीत धरलेली असते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि साबण, चप्पल, सिमेंट, मोबाइलचे रिचार्ज घेणारा प्रत्येक जण तो भरतो. वीटभट्टीवरचा मजूरही करदाता आहे. त्याच्या हाती पावती येत नाही, एवढेच.

दुसऱ्या बाजूने, आपण घेतो तो लाभ लाभ म्हणून ओळखू न येणे ही जगभर आढळणारी गोष्ट आहे. अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ सुझॅन मेट्लर यांनी २०११ च्या ग्रंथात त्यास पाण्याखाली दडलेल्या शासनाची उपमा दिली. करसवलती, अनुदानित कर्जे यांतून मिळणारा फायदा घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना आपण शासकीय योजनेचे लाभधारक आहोत हे मान्यच नसते, असे त्यांना आढळले. महाराष्ट्रात याचे उदाहरण एस. टी. च्या प्रत्येक फेरीत दिसते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास आहे. सेलूहून परभणीला जाणाऱ्या गाडीत बसलेल्या कोणासही या सवलतीने कमीपणा येत नाही, कारण ती घेताना जात सांगावी लागत नाही. २०२४ च्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतही २१ ते ६५ वर्षे वय व अडीच लाखांपर्यंत उत्पन्न ही अट आहे, जातीची नाही. दरमहा १,५०० रुपये सर्व समाजांतील स्त्रियांच्या खात्यांत जमा होतात. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा निधी या योजनेकडे वळविल्याबद्दल त्या विभागाचे मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. अनुसूचित जातींच्या नावे दाखविलेला प्रत्येक रुपया त्यांच्याच हाती पडतो, हा समज यावरून तपासून पाहता येतो.

अमेरिकेतील अभ्यास

या विषयाची पद्धतशीर मांडणी अमेरिकेत झाली. १९७६ च्या निवडणूक प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी शिकागोतील एका महिलेच्या फसवणुकीची कथा वारंवार सांगितली आणि तीतून ‘वेल्फेअर क्वीन’ ही प्रतिमा रूढ झाली. ऐकणाऱ्यांच्या मनात ती कृष्णवर्णीय स्त्रीचीच होती. मार्टिन गिलेन्स यांनी १९८८ ते १९९२ या काळातील वृत्तसाप्ताहिकांतील छायाचित्रे मोजली, तेव्हा गरीब म्हणून दाखविलेल्या व्यक्तींपैकी ६२ टक्के कृष्णवर्णीय होत्या. देशातील गरिबांत त्यांचे खरे प्रमाण २९ टक्के होते. अन्नसाहाय्य घेणाऱ्यांत संख्येने गौरवर्णीय मोठे असूनही ही प्रतिमा टिकून राहिली. छायाचित्रांच्या जागी जात प्रमाणपत्र, ग्रामपंचायतीच्या फलकावरील प्रवर्गवार यादी आणि योजनेला दिलेले महापुरुषाचे नाव ठेवले, की मराठी वाचकास ही प्रक्रिया अपरिचित वाटणार नाही.

आकडेवारीचा अभाव

भारतात सर्व जातींची गणना शेवटची १९३१ च्या जनगणनेत प्रसिद्ध झाली. १९५१ पासून केवळ अनुसूचित जाती व जमातींचीच मोजणी होत आली आहे. २०११ मध्ये झालेल्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातील जातीची माहिती जाहीर झाली नाही. परिणामी शासनाच्या अहवालांत ‘अनुसूचित जाती’, ‘अनुसूचित जमाती’ आणि ‘इतर’ असे तीनच रकाने आढळतात. पहिल्या दोन रकान्यांतील लाभधारकांची संख्या वर्तमानपत्रांत छापून येते. तिसऱ्या, सर्वांत मोठ्या रकान्यात कोण आहेत हे कधीच उलगडून सांगितले जात नाही. आगामी जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला असून तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही ठरविण्यात आली आहे.